टक्के झाले, आता तास मोजा

प्रति,
मा. दिव्यांग कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय: स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) व्यक्ती आणि त्यांना सांभाळणारी घरं

महोदय,

डिसेंबरात सरकार नागपुरात येतं. रविभवनाला रंग लागतो, खड्डे बुजतात, यशवंत स्टेडियमजवळ मोर्चांचे मंडप पडतात. स्वमग्न मुलांच्या आईबापांचा मोर्चा मात्र तुम्हाला सहसा दिसायचा नाही. मोर्चाला यायचं तर मुलाला कोणाजवळ ठेवायचं, हीच आमची मागणी आहे. म्हणून हे पत्र.

माझा मुलगा एकवीस वर्षांचा आहे. त्याच्या प्रमाणपत्रावर दिव्यांगता टक्क्यांत लिहिलेली आहे. हे टक्के ठरवायला आपल्याकडे आयसा नावाची मोजपट्टी वापरतात. तिच्यात 40 मुद्दे आहेत, प्रत्येकाला एक ते पाच गुण. बेरीज 70 झाली की स्वमग्नता धरतात. 106 पर्यंत सौम्य, 153 पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. निदानासाठी ही पट्टी कामाची आहे, तिच्यावर माझा राग नाही. पण या माणसाजवळ दिवसातले किती तास कोणीतरी थांबायला हवं, आणि ते थांबणारं माणूस कुठून येणार, हे ती सांगत नाही. ते तिचं कामही नाही. ते तुमच्या खात्याचं काम आहे.

एकाच टक्केवारीची दोन मुलं बघा. एक रात्रभर शांत झोपतो, वहीत लिहून दिलं तर सीताबर्डीला मेट्रो बदलून एकटा जाऊन येतो. गर्दीत कोणी धक्का मारला तर तेवढा बिथरतो. दुसरा रात्री दोनला उठतो आणि पहाटेपर्यंत घरभर फिरतो. त्याला फिट येतात, दात घासून द्यावे लागतात, संडासला सोबत जावं लागतं, आणि दाराची कडी वरच्या बाजूला लावावी लागते, कारण खालची तो उघडतो. कागदावर दोघं सारखे. दुसऱ्याच्या घरात एका माणसाची नोकरी गेलेली असते. नव्वद टक्के घरांत ते माणूस आई असते असं लिहिणार होते, पण आकडा मोजलेला नाही म्हणून लिहीत नाही. माझ्या ओळखीच्या घरांत तरी ती आईच आहे.

आणि जो बोलतो, ज्याला इंग्रजी स्पेलिंगं पाठ आहेत, त्याची वेगळीच पंचाईत. सरकारी कचेरीच्या खिडकीतून ऐकायला मिळतं, "हा तर बोलून राहिला न बाई, मग कायचा अपंग?" अशा मुलाला अटेंडंट लागत नसेल, पण परीक्षेत जास्तीचा वेळ, ऑफिसात तोंडी हुकमाऐवजी लेखी सूचना, बसायला कमी गोंगाटाची जागा, एवढं लागतंच. त्याला काय हवं ते त्यालाच विचारता येतं. न बोलणाऱ्यालाही विचारता येतं, चित्रांची पाटी किंवा टॅबलेट दिला तर. आमच्या बैठका मात्र आईबाप, डॉक्टर आणि अधिकारी यांच्याच होतात. पुढच्या बैठकीत एखादा स्वमग्न तरुण समोर बसवा.

कायदा या बाबतीत आमच्या बाजूचा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये कलम 38 आहे. ज्याला जास्त आधाराची गरज आहे तो स्वतः, किंवा त्याच्या वतीने दुसरं कोणी, अर्ज करू शकतं. मूल्यांकन मंडळाने गरज तपासायची आणि त्यानुसार आधार द्यायचा. कलम 24 मध्ये अशा व्यक्तींसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचा उल्लेख आहे. केरळात सांभाळणाऱ्यांना मदत देणारी आश्वासकिरणम् नावाची योजना आहे. रक्कम तुटपुंजी, महिन्याला 600 रुपये, पण सांभाळणारं माणूस सरकारच्या वहीत आलं तरी. माझ्या ओळखीतल्या एकाही घराला कलम 38 खाली कोणी तपासायला आलेलं नाही. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचं मानधन 1,500 वरून 2,500 झालं, चांगलं झालं. पण उत्पन्नाच्या अटीपायी एका साध्या पगारावर चालणारं घरही बाहेर राहतं, आणि त्या पैशात अर्धवेळ सोबतीण मिळत नाही. निरामय या दिव्यांगांच्या आरोग्य विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण आहे, तेही उपयोगाचं. उपचारांचा खर्च त्यातून निघेल. रात्री दोन ते पहाटेपर्यंतचे तास विम्यात बसत नाहीत.

अठरा वर्षं पूर्ण झाली की आमचं दुसरं प्रकरण सुरू होतं. कायद्यातलं मोफत शिक्षण 6 ते 18 वयाचं. शाळा सुटते आणि मुलगा घरात येतो, सहा फुटांचा, ताकदीचा, दिवसभर रिकामा. तेव्हा आईची पन्नाशी जवळ आलेली असते, कंबर गेलेली असते. त्याच्या नावाने बँकेत काही करायचं तर पालकत्वाचा कागद लागतो. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली तो कागद देणारी स्थानिक समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते. समितीची बैठक प्रत्येक जिल्ह्यात दर महिन्याला ठरलेल्या तारखेला व्हावी, एवढा एक आदेश काढा. त्याला पैसेही लागत नाहीत.

पैसे लागतात ते पुढच्या गोष्टीला, आणि या पत्राचं खरं मागणं तेच आहे. नागपुरात असं एखादं घर हवं जिथे स्वमग्न व्यक्तीला चार तास, एक दिवस, गरज पडली तर आठवडाभर विश्वासाने ठेवता येईल. आई आजारी पडते. सासऱ्यांचं निधन होतं, बाराव्याला गावी जावं लागतं. धाकट्या बहिणीचं लग्न निघतं. मारबतीचंच घ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालात ढोल-ताशांनी भिंती हलतात. नागपूरकर म्हणून मला ती मिरवणूक प्रिय आहे, ती बंद करा असं मी कधी म्हणणार नाही. पण तो आवाज ज्याला अंगावर मार बसल्यासारखा लागतो, त्याला त्या दिवशी शहराच्या दुसऱ्या टोकाला एक शांत खोली असावी की नाही? उन्हाळ्यात लाईट जाते, कुलरचा घुमणारा आवाज एकदम थांबतो, आणि त्या आवाजावरच शांत राहणारं पोट्टं डोकं भिंतीवर आपटायला लागतं. अशा वेळी त्याला कसं धरायचं, हे शिकलेली माणसं या शहरात तयार करता येतील. यशवंत स्टेडियमलाच केंद्र सरकारचं सीआरसी, म्हणजे दिव्यांग पुनर्वसन केंद्र आहे, तिथल्या तज्ज्ञांना सोबत घ्या. महापालिकांनी स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावेत असा तुमच्याच शासनाचा आदेश आहे. त्यातून घर भाड्याने घेता येतं, माणसांना पगार देता येतो. तीनचाकी सायकली वाटल्या की फोटो येतो हे मला कळतं. या घराचा फोटो तितकासा चांगला यायचा नाही.

पोलीस ठाण्यांचंही एक आहे. अनेक स्वमग्न मुलांना पाण्याची ओढ असते, आणि आपल्याकडे फुटाळा, अंबाझरी, गांधीसागर, सोनेगाव, सक्करदरा असे तलाव वस्तीला लागून आहेत. असं मूल हरवलं तर पहिली गाडी तलावाकडे जायला हवी. हे हवालदाराला एका तासात शिकवता येतं.

"अशी मुलं असतात तरी किती?" हा प्रश्न येईलच. 2011 च्या जनगणनेत ऑटिझमचा वेगळा रकानाच नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 2021 मध्ये 127 माणसांमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. 2011 ची नागपूर जिल्ह्याची लोकसंख्या साडेसेहेचाळीस लाख. हाच अंदाज इथे लावला तर एका जिल्ह्यात छत्तीस हजारांच्या वर माणसं होतात. सगळ्यांना चोवीस तास कोणी लागत नाही. किती जणांना किती तास लागतं, ते दारोदार जाऊन विचारल्याशिवाय कळणार नाही. आशा सेविकेच्या नोंदवहीत एक प्रश्न वाढवून सुरुवात होऊ शकते: गेल्या महिन्यात याला सांभाळणाऱ्याने किती रात्री झोप घेतली?

2 एप्रिलला, जागतिक स्वमग्नता जागरूकता दिनी, इमारतींवर निळे दिवे लागतात. लागू द्या. त्याच्या आधी मार्चमध्ये अर्थसंकल्प असतो.

या पत्राला उत्तर दिलंत तर कलम 38 खाली नागपूर जिल्ह्यातून आजवर किती अर्ज आले, किती घरी मंडळ जाऊन आलं आणि किती जणांना आधार सुरू झाला, हे तीन आकडे त्यात असू द्या. पहिला आकडा शून्य असेल तर तोही चालेल. अर्ज आम्ही भरून आणतो, ते कोणत्या खिडकीवर द्यायचे तेवढं कळवा.

आपली,
एका स्वमग्न तरुणाची आई,
मानेवाडा, नागपूर