लव्हाळ्याचा क्रॉस आणि आईच्या साडीचा तुकडा

ती. आई-बाबा,
सा. न.

काल फोनवर गडबडीत नीट सांगता आलं नाही म्हणून आता निवांत लिहितेय. इथे आयर्लंडमध्ये 1 फेब्रुवारी म्हणजे सेंट ब्रिजिडचा दिवस. 2023 पासून त्याची सरकारी सुट्टी पण मिळते, बाईच्या नावाची इथली पहिलीच सुट्टी, मला याचंच फार कौतुक. सण मूळचा खूप जुना, इम्बोल्क म्हणतात, मेंढ्या व्यायला लागतात तो काळ, म्हणजे यांचा वसंत सुरू. ब्रिजिड नावाची आधी एक देवी होती, मग त्याच नावाची किल्डेअर गावची संत झाली, आणि दोघींच्या गोष्टी आता एकमेकीत मिसळून गेल्यात.

बाबा, ही गोष्ट तुम्हाला आवडेल. तिने मठासाठी राजाकडे जमीन मागितली, तो देईना, मग म्हणाली माझा झगा पसरेल तेवढीच द्या, आणि तो झगा पसरत पसरत अख्खं माळरान व्यापून गेला! मला लगेच तुम्ही सांगायचात तो वामन आठवला. किल्डेअरला तिच्या नावाने अखंड ज्योत तेवायची, आपल्या नंदादीपासारखीच, मधे कित्येक वर्षं विझलेली, ती 1993 मध्ये परत पेटवली.

शेजारच्या आजींनी मला लव्हाळ्याचा क्रॉस शिकवला. लव्हाळी कापायची नाहीत, हाताने उपटायची. एक उभं धरायचं, दुसरं त्याच्यावर दुमडायचं, पाव गिरकी द्यायची, परत दुमडायचं, मधे चौकोन भरत जातो आणि चार हात फुटतात, टोकं दोऱ्याने बांधायची. बोटांना ओल्या गवताचा वास दिवसभर होता. आजी माझी बोटं धरून घट्ट, अजून घट्ट म्हणत होत्या आणि मला तू वाती वळायला शिकवायचीस ते आठवून भरून आलं गं. क्रॉस दारावर लावलाय, घराला आगीपासून जपतो म्हणतात.

आणि आदल्या रात्री बाहेर एक कापड ठेवतात, ब्रिजिड जाताना त्याला हात लावून जाते म्हणे, मग ते वर्षभर जपायचं, डोकं दुखलं की कपाळाला बांधायचं. माझ्याकडे तुझ्या निळ्या सुती साडीचा तुकडा होता ना, तोच खिडकीबाहेर बांधला. सकाळी दवाने चिंब झालेला. वाळवून घडी घातलीय, या पत्रासोबत पाठवतेय. अर्धशिशी उठली की गोळी घेच, पण हा पण बांध.

तुमची,
ताई