तळेगाव चौकातून बाइकने शिफ्टला जाणाऱ्यांसाठी

मंडळी, चाकणच्या तळेगाव चौकाबद्दल परत एकदा लिहितोय, कंटाळा करू नका. पुणे-नाशिक हायवे आणि तळेगाव-शिक्रापूर रोड तिथेच एकमेकांना छेदतात, त्यात एमआयडीसीचे कंटेनर, त्यामुळे फर्स्ट शिफ्टला तिथे काय होतं ते तुम्हाला माहितीच आहे.

मेन मुद्दा कंटेनरचा. सिग्नलला उभा कंटेनर दिसला की आपण डावीकडच्या फटीतून पुढे घुसतो, आणि ड्रायव्हर बसलेला असतो उजवीकडे, त्याला केबिनच्या डाव्या बाजूला चिकटलेली बाइक दिसतच नाही, आणि तो डावीकडे वळला की मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेत जात नाहीत, आतून कापत येतात. म्हणजे आपण बरोबर सापळ्यात. दोन मिनिटं मागेच थांबा ना राव, आरसा दिसत नसेल तर ड्रायव्हरला आपणही दिसत नाही.

सिग्नल हिरवा झाला तरी एकदा उजवीकडे बघूनच गाडी काढा, शेवटच्या सेकंदाला घुसणारा एक तरी असतोच. सिग्नल तोडणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये धोकादायक ड्रायव्हिंगमध्येच येतं. आणि हेल्मेट डोक्यात घाला, आरशाला लटकवायला नाही दिलंय, मागे बसणाऱ्यालाही कंपल्सरी आहे.

अपघात दिसला तर व्हिडिओ नंतर, आधी 108 ला फोन. मदत करणाऱ्याला त्याच मोटार वाहन कायद्याच्या कलम 134अ चं संरक्षण आहे, पोलीस नाव सांगायची सक्तीही करू शकत नाहीत.

उद्यापासून दहा मिनिटं लवकर निघा. फर्स्टवाल्यांनी खास.