सहीसाठी अडलेला ऊस

चि. ऋतुजास,
अनेक आशीर्वाद.

परवा तू म्हणालीस, "बाबा, व्यवस्थापनाची कामं पाठ आहेत, पण हाताखाली बारा माणसं आल्यावर गोंधळ उडतो." फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

नियोजन मी साखर कारखान्याच्या शेती खात्यात, लागण नोंदीच्या वहीत शिकलो. जुलै-ऑगस्टातला आडसाली ऊस तोडीला यायला सोळा-अठरा महिने घेतो, जानेवारीतली सुरू लागण वर्षभरात येते. कुणाचं रान कधी पक्व होणार ते आधीच दिसावं लागतं, कारण तोडलेला ऊस थांबत नाही. दिवसागणिक वजन घटतं, साखरेचा उतारा पडतो. ऊस गिरणीत ढकलणारी गव्हाण रिकामी राहिली की 'नो केन', अख्खा कारखाना बंद. तोडीच्या माणसांची जुळवाजुळव तर पावसाळ्यातच, टोळ्या आणणाऱ्या मुकादमांना उचल देऊन. रात्री दिवसभराचं टनेज ठरल्या आकड्याशी ताडायचं, हे नियंत्रण. एवढं सगळं आम्ही चोख करायचो.

तरी एका जानेवारीत एका टोळीच्या ट्रॅक्टरचा एक्सल तुटला. तोडलेल्या मोळ्या फडात पडून. शेजारच्या गटाचा ट्रॅक्टर मोकळा उभा होता, पण तो वळवायला साहेबांची सही लागायची आणि साहेब दोन दिवस बाहेरगावी. फडावरचा चिठ्ठ्या देणारा पोरगा, चिटबॉय, माझ्याकडे धावत आला. मी म्हणालो, "सहीशिवाय मला जमणार नाही." टोळीतल्या नवरा-बायकोंच्या जोड्या कोयते बाजूला ठेवून बसून राहिल्या, त्यांची मजुरी टनावर. तिसऱ्या दिवशी ऊस काट्यावर आला. शेतकऱ्याने आकडा पाहिला, टॉवेलने तोंड पुसलं आणि एक शब्द न बोलता सायकल ढकलत निघून गेला. ती पाठमोरी आकृती मला अजून दिसते.

तुझ्या पुस्तकातले हेन्री फेयोल मी पुढे वाचले. १९१६ साली त्यांनी आखणी, रचना, आज्ञा, समन्वय, नियंत्रण अशी व्यवस्थापनाची पाच कामं मांडली. पण माझ्या मनात राहिली ती त्यांनी १८६१ सालची सांगितलेली हकिकत. फ्रान्समधल्या कोळशाच्या खाणीत घोड्याचा पाय मोडला. तिथे नुकतेच इंजिनिअर म्हणून लागलेल्या फेयोलांनी दुसरा घोडा मागितला. तबेलेवाला म्हणाला, संचालकांची सही नाही. संचालक गावाला गेलेले, त्यांच्या जागी कुणी नेमलेलं नाही. त्या थरावरचं काम बुडालं. वाचताना मला वाटलं, हा तबेलेवाला म्हणजे मीच.

पुढच्या हंगामाआधी मी मागे लागून लेखी करून घेतलं: साहेब नसतील तेव्हा वाहन वळवायचा अधिकार गटप्रमुखाचा.

तू रजेवर गेलीस तर कोण निर्णय घेणार, ते नाव या सोमवारीच सगळ्यांना सांगून टाक. आणि त्याचा पहिला निर्णय चुकला, तर साहेबांसमोर त्याच्या बाजूने उभी राहा. नाहीतर दुसऱ्यांदा तोही सहीचीच वाट बघेल.

आईने तिळाच्या वड्या पाठवल्यात.

तुझा,
बाबा