खुले पत्र : जादा सामानाचे पैसे जरूर घ्या, पण वजनाची चिठ्ठी द्या

प्रति,
मा. नागरी विमान वाहतूक मंत्री,
भारत सरकार

विषय : जादा सामानाचं शुल्क घेताना वजनाची छापील चिठ्ठी देणं विमानकंपन्यांना सक्तीचं करण्याबाबत.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागणी एवढीच आहे, ती आधीच सांगून टाकतो. ज्या बॅगेचे जादा पैसे घेतले, तिच्या वजनाची छापील चिठ्ठी प्रवाशाच्या हातात पडली पाहिजे. काट्याचा क्रमांक, त्याची शेवटची पडताळणी झाल्याची तारीख, प्रत्येक बॅगेचं वजन, फुकट न्यायची मुभा किती होती, जादा किती भरलं आणि दर कुठला लावला, एवढं तिच्यावर असावं. शुल्क रद्द करा असं मी म्हणत नाही. जादा वजनाला जादा इंधन लागतं आणि ते कुणीतरी भरायचंच असतं. हलक्या बॅगेवाल्याने जड बॅगेवाल्याचा भार का सोसावा, हा कंपन्यांचा प्रश्न मला रास्त वाटतो.

पण आज होतं काय? काउंटरवर बॅग ठेवली, आतल्या माणसाने स्क्रीनकडे बघून "साडेतीन किलो जास्त आहे" म्हटलं, की संपलं. पैसे भरल्याची पावती मिळते, तीवर रक्कम असते. ती रक्कम कशी आली हे त्या पावतीवरून बहुतेक वेळा कळत नाही. आणि बॅग पट्ट्यावरून आत गेली की पुरावाही तिच्याबरोबर आत गेला. उतरल्यावर तिकडे वजन करून काय सिद्ध होणार? मधल्या वेळात बॅग उघडलीच नाही, हे तुम्ही कसं दाखवणार? ग्राहक आयोगाची दारं उघडी आहेत, २०१९चा ग्राहक संरक्षण कायदाही चांगला आहे. पण तिथे जाताना हातात काहीतरी लागतं. रांगेत मागे पन्नास माणसं आणि समोर काउंटर बंद व्हायची वेळ. अडला हरी पैसे भरतो आणि पुढे जातो.

काट्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण भांडण तिथेच सुरू होतं. चेक-इनचा काटा हा पट्ट्याचाच एक तुकडा असतो. बॅग ठेवण्याआधी आकडा शून्यावर होता का, हे फार कमी जण बघतात. शेजारच्या बॅगेचं चाक काट्याच्या कडेवर आलेलं असलं तर वजन वाढतं. आपली बॅग बाजूच्या पत्र्याला रेललेली असली तर ते कमी भरतं. कुणी नकळत पाय टेकवला तरी आकडा हलतो. प्रवाशाकडे तोंड केलेला छोटा डिस्प्ले कधी बंद असतो, तर कधी त्याच्यासमोर पाटी उभी केलेली असते. एका विमानतळावर माझी एकच बॅग शेजारशेजारच्या दोन काट्यांवर ठेवली, तर वजनात पाऊण किलोचा फरक आला. मी ते दाखवलं, तेव्हा काउंटरवरच्या मुलीने प्रामाणिकपणे सांगितलं, "सर, मला माझ्याच काट्याचं वजन टाकावं लागतं." तिचा दोष नाही. ती बहुधा विमानकंपनीच्या पगारावरसुद्धा नसते, ग्राउंड हँडलिंगच्या कंत्राटावर असते. आणि काटा बहुतेक ठिकाणी विमानतळ चालवणाऱ्याचा असतो. म्हणजे तक्रार करायची तर कुणाकडे, तर एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायचं.

आता कायदा बघा. वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ च्या कलम २४ नुसार व्यवहारात वापरायच्या वजनमापांची आधी पडताळणी करून त्यांवर मुद्रा उमटवून घ्यावी लागते. इलेक्ट्रॉनिक काट्यांची ही पडताळणी दर बारा महिन्यांनी करायची असते. किलोवर पैसे आकारणं हा व्यवहारच आहे. भाजीवाल्याचा काटा निरीक्षक उलटसुलट करून तपासतात, मग विमानतळावरच्या काट्याची पडताळणी कधी झाली हे पैसे भरणाऱ्याला दिसायला नको का? गेटवर हातात धरून बॅग टांगायचा छोटा काटा असतो, त्यालाही हाच प्रश्न लागू आहे.

कंपन्या म्हणतील की वजन टॅगवर किंवा बोर्डिंग पासच्या तुकड्यावर येतंच. येतं, कधी कधी. पण तो आकडा काट्यावरून आपोआप उतरलेला असतोच असं नाही. अनेकदा तो टाइप केलेला असतो, सगळ्या बॅगांची बेरीज असते, आणि सवलत दिली असेल तर मुभेइतकाच लिहिलेला असतो.

गंमत म्हणजे प्रवाशाच्या कागदावर वजन लिहिणं ही एके काळी कंपनीची जबाबदारीच होती. १९२९च्या वॉर्सा करारात, म्हणजे विमानकंपन्यांच्या जबाबदारीबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारात, सामानाच्या पावतीवर काय असावं याची यादी होती, तिच्यात नगांची संख्या आणि वजन होतं. ते लिहिलं नसेल तर सामान हरवल्यावर द्यायच्या भरपाईवरच्या मर्यादेची ढाल कंपनीला वापरता येणार नाही, असंही त्याच कलमात होतं. आपल्याकडे तो करार १९३४च्या कायद्याने आला. १९५५च्या हेग प्रोटोकॉलने यादी छाटली आणि १९९९च्या मॉन्ट्रियल कराराने, ज्यात आपण २००९ पासून आहोत, प्रत्येक बॅगेला ओळखीचा टॅग द्या एवढंच ठेवलं. भरपाईचंही पुढे तसंच झालं. पूर्वी हरवलेल्या बॅगेची भरपाई किलोमागे मोजत, आता आंतरराष्ट्रीय प्रवासात ती माणशी मोजतात. २८ डिसेंबर २०२४ पासून करारातली मर्यादा माणशी १,५१९ एसडीआर आहे, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी चलनात. बॅग दहा किलोची असो की तीसची. म्हणजे वजन आधी कागदावरून गेलं आणि मग भरपाईतूनही. पण शुल्क मात्र किलोवर राहिलं. घेताना किलोवर आणि देताना माणशी, हे गणित ज्यांनी बसवलं त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं.

नियमांचा गुंता वेगळाच. काही कंपन्या एकूण वजन बघतात, काही नग मोजतात आणि प्रत्येक नगाला २३ किलोची मर्यादा घालतात. नवरा-बायकोच्या दोन बॅगा आहेत असं धरा, एक २६ किलोची, दुसरी १८ची. दोघांची मिळून मुभा ४६, सामान ४४. तरी २६च्या बॅगेचे जादा पैसे. मग काउंटरच्या बाजूला फरशीवर दोन्ही बॅगा उघडतात, चार लोकांसमोर आतले कपडे इकडून तिकडे जातात, चपला काढून दुसरीकडे कोंबल्या जातात, आणि शेवटी तेवढंच वजन त्याच विमानातून जातं. ३२ किलोच्या वर एकही बॅग नको, हा नियम मला समजतो. ती उचलणाऱ्या लोडरच्या पाठीचा विचार त्यामागे आहे. २३ आणि २६ मधल्या तीन किलोंत कुणाच्या पाठीचा विचार आहे?

दोन कंपन्यांच्या जोडविमानांचं तर विचारूच नका. तिकीट एकीचं, विमान दुसरीचं, आणि मधल्या मुक्कामी तिसराच नियम. अमेरिकेने २०१२ पासून तिथल्या विमानतळांवरून सुरू होणाऱ्या किंवा तिथे संपणाऱ्या एका तिकिटावरच्या सगळ्या प्रवासाला एकच सामान-नियम लावला आहे. आपल्याला ते का जमू नये?

हाताच्या बॅगेबद्दल थोडक्यात. युरोपियन न्यायालयाने २०१४ साली म्हटलं की चेक-इन सामानाचे वेगळे पैसे घ्यायला हरकत नाही, पण वाजवी आकार-वजनाची हाताची बॅग हा प्रवासाचा अविभाज्य भाग आहे, तिचे जादा पैसे नकोत. वाजवी म्हणजे किती, यावर तिकडेही अजून घोळ चालूच आहे. गेटवर एका किलोवरून वाद घालताना 'विमानाचा तोल' हे कारण मात्र कुणी सांगू नये. वजनाच्या हिशेबात प्रवासी आणि त्याची हाताची बॅग सहसा ठरावीक सरासरीनेच धरतात, आपल्याला कुणी काट्यावर उभं करत नाही.

एक गोष्ट मात्र आताच थांबवायला हवी. मोठी बॅग पकडून देणाऱ्या कर्मचाऱ्याला बॅगेमागे बक्षीस देतो, असं युरोपातल्या एका स्वस्त विमानकंपनीच्या प्रमुखांनी २०२५ मध्ये उजळ माथ्याने सांगितलं. वजन करणाऱ्याची कमाई वजनावर अवलंबून असेल, तर काटा कितीही अचूक असून उपयोग काय? आपल्याकडे ही पद्धत रुजण्याआधीच तिला मनाई करा.

चिठ्ठीसाठी संसदेत जायची गरज नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमावलीत एक दुरुस्ती पुरे. सामान स्वतःच टाकायची जी यंत्रं आहेत ती वजन नोंदवतात, मर्यादेशी ताडून बघतात आणि वर टॅगही छापतात, तेव्हा तांत्रिक अडचणीची सबब चालू नये. सोबत एवढंच जोडा, की प्रवाशाने मागितलं तर दुसऱ्या काट्यावर फेरवजन मिळेल आणि दोन्हींत कमी असेल ते धरलं जाईल.

चिठ्ठीच्या कागदाचा खर्च कोण करणार, असं कंपन्या विचारतीलच. जादा सामानाच्या दरात घाला म्हणावं. फक्त त्याच चिठ्ठीवर तो वेगळा दाखवा.

आपला,
एक विमानप्रवासी