रोज आकडा विचारू नकोस

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू नेहमीसारखं विचारलंस, "बाबा, आज बीपी किती?" मी १५२ म्हणालो आणि तुझा सूरच बदलला. गोळी वाढवून घ्या, उद्याच डॉक्टरांकडे जा, मी रजा टाकून येऊ का! फोन ठेवल्यावर तुझी आई म्हणाली, "आत्ता त्याचंच मोजायला हवं होतं." ती चेष्टेत म्हणाली, पण माझ्या डोक्यातून ते जाईना.

आधी त्या १५२ चा जमाखर्च ऐक. जिना चढून आलो तो तसाच मशीन घेऊन पलंगाच्या कडेवर बसलो. पाय लोंबकळत होते. शर्टाची बाही वर सारली, ती दंडाला करकचून बसली. पट्टा फुगत असतानाच आईने कपाटाची किल्ली विचारली आणि मी इथूनच ओरडून सांगितली. एवढं सगळं केल्यावर दुसरं काय येणार? नंतर शांत बसून मोजलं तर १३४. पण तुझा फोन नेमका त्याच्या आधी आला.

हे मशीन कसं चालतं हे कळल्यापासून मी त्याच्याशी नीट वागतो (कालचा दिवस सोडून). पट्टा फुगला की दंडातली रोहिणी दाबली जाते. हवा सुटू लागली की तिच्या ठोक्यांची थरथर पट्ट्याला जाणवते आणि त्या थरथरीवरून मशीन आकडे काढतं. आपण बोललो, हललो की त्याचा गोंधळ होतो, शिवाय बोलताना बीपीही खरंच चढतं. म्हणून मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी नाही, सिगारेट नाही, धावपळ नाही. लघवीला जाऊन यायचं. मग खुर्चीला पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. पायावर पाय टाकायचा नाही. पट्टा उघड्या दंडावर, आणि हात टेबलावर असा ठेवायचा की पट्टा छातीच्या पातळीला येईल. हात खाली लोंबत राहिला तर आकडा फुगतो.

सकाळी गोळी घेण्याआधी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून. संध्याकाळी तसंच. असे सात दिवस. पहिला दिवस सोडून द्यायचा, कारण तेव्हा आपण जरा बिचकलेलेच असतो. उरलेल्या २४ नोंदींची सरासरी हे माझं बीपी. ती १३५/८५ च्या खाली असली की डॉक्टर पुढचं पान उलटतात. दवाखान्यात हीच रेघ १४०/९० ला असते, कारण तिथे अनेकांचं बीपी नुसत्या वातावरणानेच चढतं. माझं चढतंच. डॉक्टरांसमोर १६० आणि घरी १३२, असं कितीदा झालंय. वही नसती तर माझी गोळी कधीच वाढली असती, आणि मग उठता-बसता चक्कर.

वहीत आकड्यांपुढे मी शेराही लिहितो. मागे आठवडाभर आकडे वर सरकत होते आणि कारण सापडेना. शेऱ्यात "गुडघा, आयबुप्रोफेन" असं रोज लिहिलेलं होतं. डॉक्टरांनी त्यावरच बोट ठेवलं. अशा वेदनाशामक गोळ्यांनी बीपी वाढू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

घाबरायचं कधी, तेही सांगून ठेवतो. १८०/१२० किंवा त्याहून वर दिसलं तर थोडा वेळ शांत बसून पुन्हा मोजायचं. तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. पण सोबत छातीत दुखणं, धाप, बोलताना जीभ अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं किंवा अचानक अंधुक दिसणं असेल, तर पुन्हा मोजत बसायचं नाही, सरळ ॲम्ब्युलन्स. आईला हे पाठ आहे.

आता तुझं. मागच्या खेपेला गंमत म्हणून माझा पट्टा लावलास आणि १४८/९४ आलं. "ऑफिसच्या तपासणीत १२६ होतं, तुमचं मशीन बिघडलंय" म्हणून हसलास. मशीन बिघडलेलं नाही. पण माझा पट्टा २२ ते ३२ सेंटीमीटर दंडाचा आहे, आणि आईने टेपने मोजला तेव्हा तुझा दंड ३५ भरला होता. लहान पट्टा आकडा वाढवून दाखवतो, तेव्हा १४८ वर माझाही विश्वास नाही. पण १२६ वरही नाही. तपासणीत नीट आणि घरी, कामाच्या धबडग्यात जास्त, असंही पुष्कळांचं असतं, आणि दुखत-खुपत काही नसल्यामुळे ते वर्षानुवर्षं कळत नाही. मलाही माझं कुठे कळलं होतं? दाताच्या डॉक्टरांनी सहज मोजलं म्हणून.

तर मोठ्या पट्ट्याचं मशीन पाठवतोय. पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोज, ज्यावर जास्त येईल तोच हात पुढे धर. सोबत वही आहे, रकाने मी आखलेत, पहिल्या पानावर सोमवारची तारीखही टाकली आहे. रोज फोनवर आकडा विचारू नकोस, मीही विचारणार नाही. पुढच्या रविवारी रात्री मी माझी सरासरी सांगेन, मग तू तुझी सांग.

आई विचारते आहे, मशीनमध्ये सेल घातलेत का. घातलेत.

तुझे,
बाबा