भिंतीवरच्या रेघा

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले, उशिराबद्दल रागावू नकोस. लेकीला ग्रीक-रोमन वास्तुकलेत संशोधन करायचंय आणि तू विचारतोस, यात माणूस दिवसभर करतो काय आणि खातो काय?

खाण्याचं आधी सांगतो. जागा फार थोड्या. पीएचडीनंतर सहा वर्षं मी कंत्राटावर काढली. एका विद्यापीठाने तर मधेच पदच रद्द केलं, तेव्हा घर बायकोच्या पगारावर चाललं. हे लेकीपासून लपवू नकोस.

आणि करतो काय, तर मापं घेतो. तू गवंड्याला पाणसळ लावायला लावतोस ना? अथेन्सच्या पार्थेनॉन देवळाचा चौथरा पाणसळीत नाहीच! लांब बाजू सुमारे साडेएकोणसत्तर मीटर आणि तिचा मध्य टोकांपेक्षा जवळपास ११ सेंटिमीटर वर. खांब आत किंचित कललेले, कोपऱ्यातले इतरांपेक्षा जाड. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक दगड आपापल्या जागेसाठी वेगळा घडवावा लागला. पेनरोझ नावाच्या इंग्रज वास्तुविशारदाने १८४६-४७ मध्ये ही वळणं इतक्या बारकाईने मोजली, की आजही त्याच्या आकड्यांशी आपले ताडून पाहावे लागतात.

पण मला या विषयात बांधून ठेवलं ते तुर्कस्तानातल्या दिदिमाने. तिथलं अपोलोचं देऊळ इ.स.पू. ३०० च्या सुमारास बांधायला घेतलं, शतकानुशतकं काम चाललं आणि शेवटी अपुरंच राहिलं. गाभारा मुळातच उघडा, वर छत नाही. १९७९ मध्ये लोथार हाझेलबर्गर या संशोधकाला त्याच्या भिंतींवर केसासारख्या बारीक कोरलेल्या रेघा दिसल्या. ती बांधणाऱ्यांनीच काढलेली कामाची चित्रं होती. भिंतींची शेवटची घोटाई झाली असती तर ती पुसली गेली असती. देऊळ अपुरं राहिलं म्हणून रेघा राहिल्या.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा भर दुपारी काहीच दिसेना. ऊन कललं, तिरकं भिंतीवर आलं आणि रेघा उमटल्या. त्यात एका खांबाचं चित्र आहे. रुंदी खऱ्या मापाची, उंची मात्र सोळा पटींनी दाबलेली, म्हणजे फुटाला एक बोट. ग्रीकांचा फूट सोळा बोटांचा. खांब मधे किंचित फुगवलेला असतो. तो फुगवटा इतका सूक्ष्म, की पूर्ण उंचीत तो आखणं अशक्य. म्हणून उंची दाबायची, एक कंस मारायचा आणि बोटाबोटावरची मापं दगडावर फुटाफुटाने चढवायची. कुणा पाथरवटाची ही युक्ती तेवीसशे वर्षांपूर्वीची असेल, पण मला त्या संध्याकाळी शेजारी उभं राहून कुणी समजावून सांगावी तशी कळली. त्या क्षणासाठी मी ती सहा वर्षं पुन्हा काढीन.

रोमचं तुला वेगळं सांगायला नको, तू स्लॅब ओतणारा माणूस. तिथल्या पँथिऑन देवळाचा घुमट ४३.३ मीटर व्यासाचा, काँक्रीटचा आणि आत सळई एकही नाही. खाली जड खडी, वर जाताना हलकी होत जाणारी, माथ्याशी प्युमिस, म्हणजे ज्वालामुखीचा सच्छिद्र, हलका दगड.

माझं मत विचारशील तर तिला आधी आर्किटेक्चर पूर्ण करू दे. ग्रीक, लॅटिन लागेलच, पण जर्मन आतापासून सुरू करावं, उत्खननांचे मोठे अहवाल त्या भाषेत आहेत. आणि हाताने चित्र काढायची सवय सोडू नये. लेझर स्कॅनर सगळं टिपतो, पण हाताने रेघ ओढताना नजर जिथे थांबते तिथे तो थांबत नाही.

डिसेंबरात येतोय. तिला घेऊन कार्ल्याला जाऊ. चैत्यगृहाच्या खांबांवर धेनुकाकट या गावच्या यवनांच्या (त्या काळी ग्रीकांना असं म्हणत) दानाचे लेख आहेत, ते तिने वाचावेत. नंतर एकच खांब तिने मोजून कागदावर उतरवायचा. टेप आणि ओळंबा तू आण, कागद मी आणतो. जेवून दुपारनंतरच चढू. लेण्याचं तोंड पश्चिमेला आहे, ऊन तेव्हाच आत येतं.

तुझाच,
जुना बाकमित्र