तुझा निबंध आणि माझी ढवळाढवळ

प्रिय मनू,

एकाच घरात राहून पत्र लिहितोय म्हणून हसशील. पण समोरासमोर बसलो की मी वकिली सुरू करतो आणि तू दार लावून घेतेस. त्यापेक्षा हे बरं.

परवा रात्री तुझा कॉमन अ‍ॅपचा, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या सामाईक अर्जातला, निबंध मी 'जरा नजरेखालून घातला'. सकाळी तू काही बोलली नाहीस, नुसता लॅपटॉप मिटलास. ते मला लागलं. मग तुझी मूळ प्रत आणि माझी सुधारलेली शेजारी शेजारी ठेवून वाचली. तुझी 480 शब्दांची, माझी बरोबर 650. वरची मर्यादा 650 आहे म्हणजे ती गाठायलाच हवी, हा माझा शोध. खालची मर्यादा 250 आहे, हे तू मला दोनदा सांगितलं होतंस.

तुझ्या निबंधाची सुरुवात आजीच्या कानातल्या यंत्रापासून होती. त्याची बॅटरी बदलणं हे घरात तुझं काम. बॅटरीवरची तपकिरी चिकटपट्टी सोलायची, मिनिटभर तिला हवा लागू द्यायची आणि मगच बसवायची, कारण ती हवेवरच चालते. तेवढा वेळ आजीला काही ऐकू येत नाही आणि ती तुझ्या ओठांकडे बघत राहते. आणि मग ते वाक्य: ठरावीक पाहुणे आले की आजी यंत्र हळूच बंद करते आणि छान हसत माना डोलावते, हे घरात फक्त मला माहीत आहे.

मी ते खोडलं! आणि तिथे काय लिहिलं, तर 'ज्येष्ठांच्या सेवेतून मला करुणेचे मूल्य उमगले'. असं वाक्य कुणाच्याही नातवंडाच्या नावावर खपून जाईल. शाळेत आम्हाला निबंधाच्या शेवटी सुविचार टाकला की मार्क मिळायचे, ती खोड अजून गेली नाही. शिवाय ते पाहुणे कोण, हे मी लगेच ओळखलं आणि घाबरलो. जणू अमेरिकेतला प्रवेश अधिकारी त्यांना फोन करून सांगणार होता.

रोबोटिक्सचं बक्षीस मी मध्येच घुसडलं, तेही काढ. अर्जात उपक्रमांसाठी दहा जागा आहेत, प्रत्येकाच्या वर्णनाला 150 अक्षरं, आणि सन्मानांसाठी आणखी पाच. बक्षीस तिथे दिसणारच आहे. निबंधात तेच पुन्हा आलं तर वाचणाऱ्याला तुझ्याबद्दल नवीन काय कळणार? निबंधासाठी दिलेल्या सात विषयांपैकी सातवा तर 'तुमच्या आवडीचा कोणताही' असा आहे. त्यांना जाहिरात हवी असती तर एवढी मोकळीक दिली नसती.

भाषेचंही तेच केलं. तुझं इंग्रजी साधं, स्वच्छ आहे. मी त्याला शेरवानी चढवली.

निबंध लिहून द्यायला तयार असलेल्या त्या प्रवेश सल्लागारांना मी 'नको' म्हणून कळवलंय. 'मुलीशी तासभर बोलू, बाकी आमच्यावर सोडा,' असं ते म्हणाले, तेव्हा मला हायसं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण अर्ज पाठवताना हे सगळं माझंच काम आहे, असं लिहून देऊन सही तू करणार. एआयकडून मजकूर लिहून घेऊन तो स्वतःचा म्हणून देणं कॉमन अ‍ॅपच्या नियमांत फसवणुकीत मोडतं. आणि बापाने रात्री अकरा वाजता घुसडलेले 170 शब्द? त्याबद्दल मी त्यांचे नियम शोधायला गेलो नाही. उत्तर मला ठाऊक होतं.

आता एक वाचक म्हणून बोलतो, बाप म्हणून नव्हे. तुझ्या मसुद्यात खरोखरच एक उणीव आहे. तीन परिच्छेद आजी दिसते, तू दिसत नाहीस. त्या मिनिटभरात तू काय करतेस? गप्प बसतेस, की मुद्दाम काहीतरी बोलून ती ओळखते का बघतेस? ओठांवरून शब्द कसे कळतात याचं वेड तुला तिथूनच लागलं असणार, पण कागदावर ते अर्ध्या ओळीत उरकलंस. लिहिता येत नसेल तर आधी फोनमध्ये मराठीत बोलून रेकॉर्ड कर, जशी आईला सांगतेस तशी. मग ऐकून लिही. मी फक्त प्रश्न विचारीन आणि शेवटी स्पेलिंग बघीन. पेन तुझ्याकडेच राहील.

अर्जाच्या 1 नोव्हेंबरच्या मुदतीला अजून तीन आठवडे आहेत, घाई नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वेगळ्या अर्जातले चार प्रश्न त्यानंतर बघू. तिथे प्रत्येकाला 350च शब्द आहेत, त्यामुळे मला घुसायला जागाही कमी.

पाहुण्यांचं वाक्य परत घाल. फक्त आधी आजीला वाचून दाखव, गुपित तिचं आहे. यंत्र चालू आहे ना, ते बघून घे.

तुझा,
बाबा